पॉइंट गेले, तक्रार राहिली : एका एमजीबीच्या इग्निशन-बदलाचा प्रकरण अभ्यास

१९६९ सालच्या, १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन असलेल्या एका एमजीबीत (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारा यांत्रिक स्विच) आणि कन्डेन्सर काढून चुंबकीय क्षेत्र ओळखणाऱ्या हॉल सेन्सरवर चालणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवण्यात आले होते. त्याच वेळी ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणारी जुनी कॉइल बदलून 'जास्त ताकदीची' म्हणून विकली जाणारी नवी कॉइलही लावली गेली. थंड हवेच्या दिवसांत गाडी पूर्वीपेक्षा निश्चितच चांगली चालली. उन्हाळा लागल्यावर मात्र ती संथ रहदारीत अचानक बंद पडू लागली आणि बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटे थांबले की काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होऊ लागली. कंटाळून मालकांनी मॉड्यूल काढून पॉइंट आणि जुनी कॉइल परत बसवून घेतली. बंद पडणे थांबले, पण चार हजार आरपीएमच्या वर मिसफायर होण्याची, म्हणजे मधूनच सिलिंडर न पेटण्याची, जी जुनी तक्रार होती ती जशीच्या तशी परतली. 'इलेक्ट्रॉनिक इग्निशन या गाड्यांना मानवत नाही' असा निष्कर्ष तोवर निघालेला होता आणि या निष्कर्षासकटच गाडी आमच्याकडे आली.

हा निष्कर्ष चुकीचा होता, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. या प्रकरणातला रस वेगळ्या गोष्टीत आहे. गाडीत मुख्य दोष पाच होते, त्यांतील तीन पॉइंटच्या काळापासूनचे होते, आणि मॉड्यूल बसवल्यामुळे त्यांतील काही झाकले गेले तर काही उघडे पडले.

मॉड्यूल नेमके काय बदलते

चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी इग्निशनची रचना १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत आली आणि त्यानंतर साठहून अधिक वर्षे ती मूळ तत्त्वात फारशी बदलली नाही. पॉइंट बंद असताना कॉइलच्या प्रायमरी गुंडाळीतून प्रवाह वाहतो. कॅमचा उंचवटा पॉइंट उघडतो तेव्हा तो प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि सेकंडरी गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन ठिणगी पडते. सुमारे ०.२ मायक्रोफॅरडचा कन्डेन्सर पॉइंटच्या तोंडावर कमान पेटू देत नाही आणि प्रवाह झटकन तुटायला मदत करतो. क्रायस्लरने १९७३ च्या मॉडेलांपासून पॉइंट सरसकट काढून टाकले आणि काही वर्षांतच इतर मोठे उत्पादकही त्याच वाटेने गेले.

जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा, पॉइंट ज्याच्या आत असतात तो भाग) आत मावणारे साधे मॉड्यूल या साखळीतील फक्त एक कडी बदलते, ती म्हणजे स्विच. कॅमवर चुंबकांचे कडे बसते, ते फिरताना हॉल सेन्सरला क्षेत्राचा बदल कळतो आणि ट्रान्झिस्टर प्रायमरी प्रवाह चालू-बंद करतो. कॉइल तीच, वायरिंग तेच, शाफ्ट, वजने, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारा) डबा तेच. अशा मॉड्यूलमुळे ताकद वाढते हा दावा म्हणूनच जपून घ्यावा. सहा हजार आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनाला सेकंदाला २०० ठिणग्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये ५ मिलिसेकंद मिळतात. या गाडीतील लुकास कंपनीच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरचा ड्वेल, म्हणजे पॉइंट बंद राहण्याचा कोन, ६० अंश, अधिक-उणे ३ अंश, ठरवून दिलेला आहे. ९० अंशांतले ६० अंश पॉइंट बंद राहतात असा त्याचा अर्थ, म्हणजे कॉइल भरायला सुमारे ३.३ मिलिसेकंद मिळतात. साधे मॉड्यूलही जवळपास तेवढाच वेळ देते. पॉइंट घासत नाहीत, जळत नाहीत आणि जास्त वेगाला उड्या मारत नाहीत, एवढाच मॉड्यूलचा फायदा आहे; नित्य वापराच्या गाडीसाठी तो पुरेसा आहे.

पॉइंटवरची तपासणी

गाडी पॉइंटसह आली हे सोयीचे झाले. मॉड्यूल पुन्हा लावण्याची घाई न करता आधी आहे ती अवस्था मोजून घेतली. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखे होते, टॅपेट योग्य होते आणि दोन्ही एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर जुळलेले होते, त्यामुळे त्या बाजूला अधिक वेळ घालवावा लागला नाही.

ड्वेलमीटरने मात्र पहिली गोष्ट सांगितली. आयडलला, म्हणजे गाडी उभी असतानाच्या मंद वेगाला, ड्वेल ६१ अंश, दोन हजार आरपीएमला ५६ अंश, आणि काटा एका जागी न ठरता हलत राहिलेला. ड्वेल वेगाप्रमाणे दोन-तीन अंशांपेक्षा जास्त बदलत असेल तर संशय थेट डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर आणि त्याला आधार देणाऱ्या बुशवर घ्यावा लागतो. डायल गेज लावून पाहिले तेव्हा शाफ्टला आडवा प्ले ०.१५ मिमी निघाला. पॉइंटची गॅप मुळात ०.३५ ते ०.४० मिमी असते. जिथे गॅपच एवढी लहान, तिथे शाफ्ट ०.१५ मिमी इकडे-तिकडे होत असेल तर फिलर गेजने कितीही काळजीपूर्वक लावलेली गॅप इंजिन चालू होताच अर्थहीन ठरते. ड्वेल एक अंशाने बदलला की टायमिंगही (ठिणगी पडण्याचा क्षण) क्रँकच्या हिशेबाने साधारण एक अंश सरकते: गॅप बदलल्याने उघडण्याचा क्षण ड्वेलमधील बदलाच्या निम्म्याने सरकतो आणि डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून तो बदल पुन्हा दुप्पट होतो. याचा अर्थ या गाडीचे टायमिंग वेग वाढताना नुसत्या झिजेमुळे पाच अंशांनी पुढे सरकत होते आणि प्रत्येक सिलिंडरला वेगवेगळे मिळत होते. चार हजारांवरचा मिसफायर इथून येत होता. यापूर्वी पॉइंट पुन:पुन्हा बदलले गेले होते, बुशकडे कोणी पाहिले नव्हते.

दुसरे मोजमाप विजेचे. इग्निशन चालू, पॉइंट बंद, इंजिन थांबलेले, अशा स्थितीत बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते आणि कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावर १०.२. मधले २.२ व्होल्ट वायरिंगने खाल्ले होते. जुनी कॉइल ३ ओहमची असल्याने त्या वेळचा प्रवाह ३.३ अँपिअर होता. त्यावरून बॅटरी ते कॉइल या मार्गाचा रोध सुमारे ०.६६ ओहम निघतो. निरोगी मार्गात तो इतका कमी असावा की साध्या मीटरवर दिसूही नये. पन्नासहून अधिक वर्षांच्या पितळी बुलेट कनेक्टरांवर चढलेला काळा थर आणि इग्निशन स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट मिळून हा रोध तयार झाला होता.

तिसरी गोष्ट नजरेनेच दिसली. २५डी४ मध्ये पॉइंट ज्या हलत्या प्लेटवर बसतात ती प्लेट आणि खालची स्थिर प्लेट यांना जोडणारी एक विणलेली अर्थिंगची वायर असते. इथे तिचे बहुतेक धागे तुटलेले होते. व्हॅक्यूम ॲडव्हान्स ओढला की प्लेट फिरते आणि उरलेल्या धाग्यांवर ताण येतो. पॉइंटच्या काळात प्लेटच्या धातूला धातू घासून अर्थिंग कसेबसे मिळत होते.

दोष पुन्हा घडवून आणणे

गाडी ज्या स्थितीत बंद पडत होती ती स्थिती हातात नसेल तर दुरुस्तीनंतर नेमके काय बरे झाले हे कळत नाही. म्हणून काहीही न सुधारता मॉड्यूल आणि नवी कॉइल पुन्हा बसवली. नव्या कॉइलचा प्रायमरी रोध १.५ ओहम निघाला. अशा कॉइली बॅलास्ट रोधकासह (कॉइलचा प्रवाह कमी करणारा जोड-रोध) वापरण्यासाठी असतात किंवा इलेक्ट्रॉनिक रचना स्वतः प्रवाह मर्यादित करणारी असेल तिथे. या गाडीत बॅलास्ट नव्हता आणि मॉड्यूलही प्रवाह मर्यादित करणारे नव्हते. अशा साध्या मॉड्यूलांच्या सूचनापत्रकात चार सिलिंडरच्या इंजिनाला ३ ओहमची कॉइल सांगितलेली असते, आणि आठ सिलिंडरला १.५ ओहमची चालते, त्याला कारण आहे. सिलिंडर जितके कमी तितका दोन ठिणग्यांमधील वेळ जास्त, आणि तितका वेळ ट्रान्झिस्टर पूर्ण प्रवाह वाहून तापत राहतो.

आयडलला ही परिस्थिती सर्वांत वाईट असते. सातशे आरपीएमला दोन ठिणग्यांमध्ये सुमारे ४३ मिलिसेकंद असतात. कॉइल पहिल्या काही मिलिसेकंदांतच भरते आणि उरलेला सगळा वेळ पूर्ण प्रवाह निव्वळ उष्णतेत जातो. सहा हजार आरपीएमला कॉइलला भरायला वेळच पुरत नाही, त्यामुळे सरासरी प्रवाह उलट कमी होतो. त्यात संथ रहदारीत बॉनेटखाली हवा फिरत नाही. मोकळ्या रस्त्यावर तासन्‌तास धावणारी गाडी सिग्नलजवळ का थांबते, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

आकडेही तसेच आले. १.५ ओहमची कॉइल लावून मॉड्यूल चालू स्थितीत असताना प्रवाह साडेपाच अँपिअरच्या जवळ गेला, ०.६६ ओहमच्या मार्गाने त्यातून साडेतीन व्होल्टहून अधिक खाल्ले आणि कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावर ८.८ व्होल्ट उरले. मॉड्यूलची लाल वायर याच टोकावर जोडलेली होती. म्हणजे ज्या भागाला स्थिर वीज हवी, तो भाग स्वतःच्याच ओढीने उपाशी राहत होता. स्टार्टर फिरताना तर बॅटरीच साडेनऊ व्होल्टवर येते, मग मॉड्यूलच्या वाट्याला काय उरणार? मालकांनी सहज बोलता बोलता सांगितले होते की इंजिन बहुधा किल्ली सोडताक्षणीच पेटते, स्टार्टर फिरत असताना नाही. हे लक्षण ज्या गाडीत दिसेल तिथे व्होल्टमीटर लावून पाहण्याआधी दुसरे काही करू नये.

बॉनेट लावून, एक मीटर कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावर आणि दुसरा हलती प्लेट व डिस्ट्रिब्युटरचा सांगाडा यांमध्ये ठेवून इंजिन आयडलवर चालू दिले. प्लेट आणि सांगाडा यांमध्ये एरवी ०.१ व्होल्ट दिसत होते. हातपंपाने व्हॅक्यूम दिला की ते ०.६ वर उडी घेत आणि इंजिन क्षणभर अडखळे. पुढे कॉइलवरचा दाब उतरत ८.३ वर आला आणि थोड्या वेळाने इंजिन बंद पडले. ठिणगी नव्हती, पेट्रोल होते. तक्रार आता हातात आली.

एका वेळी एकच बदल

इथून पुढे सर्वच दोष एकदम दुरुस्त करणे सोपे होते, परंतु मग कोणत्या दोषाचे कोणते फळ हे कधीच उलगडले नसते. म्हणून प्रथम फक्त अर्थिंगची विणलेली वायर बदलली. नवी वायर लवचीक, अनेक बारीक धाग्यांची आणि प्लेट पूर्ण फिरली तरी ताणली जाणार नाही इतकी लांब घेतली. व्हॅक्यूम दिल्यावरचे अडखळणे तत्काळ थांबले. गरम झाल्यावर बंद पडणे मात्र तसेच राहिले.

मग १.५ ओहमच्या कॉइलच्या जागी ३ ओहमची लावली, वायरिंगला हात लावला नाही. बंद पडणे थांबले. बॉनेट लावून पहिल्यापेक्षा बराच अधिक वेळ आयडलवर ठेवले तरी इंजिन चालत राहिले. तेव्हा मुख्य आरोपी कॉइल, आणि मार्गाचा रोध तिचा साथीदार, असे मानायला हरकत नाही. सकाळी सुरू होतानाचा त्रास मात्र कायम होता.

त्यानंतर वायरिंग. सर्व बुलेट कनेक्टर काढून, घासून, सैल पडलेले बदलून पुन्हा जोडल्यावर वाटेत खाल्ले जाणारे व्होल्ट निम्म्यावर आले. उरलेला भाग इग्निशन स्विचमध्ये होता. स्विच बदलता आला असता. आम्ही रिले निवडला, कारण जुन्या स्विचवरचा भार त्याने कायमचा कमी होतो. लुकासच्या रंगसंकेतात तपकिरी वायर बॅटरीला थेट जोडलेली असते आणि पांढरी वायर इग्निशन चालू केल्यावर जिवंत होते. पांढरी वायर रिलेची गुंडाळी चालवते, तपकिरी वायरीवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमार्गे प्रत्यक्ष वीज येते.

या जागी एक अडचण आहे, जिच्यामुळे अनेकांची फसगत होते. या काळातील एमजीबीचा स्मिथ्स टॅकोमीटर कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरचे व्होल्ट मोजत नाही. कॉइलकडे जाणारी पांढरी वायर त्याच्या मागच्या लूपमधून जाते आणि तो त्या वायरीतील प्रवाहाचे ठोके मोजतो. रिले कॉइलजवळ बसवून तिथूनच वीज दिली तर प्रवाह त्या लूपमधून जातच नाही आणि काटा शून्यावर पडून राहतो. म्हणून रिले डॅशबोर्डमागे बसवला, त्याच्याकडून निघालेली वीज टॅकोमीटरच्या लूपमधून कॉइलकडे नेली, आणि मॉड्यूलची लाल वायर मात्र लूपच्या आधीच, रिलेच्या टोकावर जोडली. आता कॉइलकडील मार्गात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त वाया जात नाहीत, आणि मॉड्यूलला कॉइलच्या ओढीचा त्रास जवळजवळ होत नाही. आधी टॅकोमीटरचा काटा थरथरत असे. तोही स्थिर झाला. गेज खराब असल्याचे निदान पूर्वी झाले होते, ते रद्द करता आले.

डिस्ट्रिब्युटरची दुरुस्ती

शाफ्टचा प्ले मॉड्यूल लावल्यावर चालवून घ्यावा की नाही, हा प्रश्न या प्रकरणात खरोखर विचार करण्याजोगा होता. मॉड्यूलला झीज कमी जाणवते हे खरे: ०.१५ मिमीच्या हालचालीने पॉइंटची गॅप चाळीस टक्क्यांनी बदलू शकते, तर साधारण १२ मिमी त्रिज्येच्या चुंबकाच्या कड्यावर तीच हालचाल पाऊण अंशाहून कमी, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने दीड अंशाच्या आत राहते. पण एक बाजू सहसा ध्यानात येत नाही. पॉइंटची स्प्रिंग कॅमला सतत एका बाजूला रेटत असते, त्यामुळे झिजलेल्या बुशमध्येही शाफ्ट बव्हंशी एकाच बाजूला टेकून फिरतो. पॉइंट काढले की तो आधार जातो आणि शाफ्ट बुशमध्ये मोकळा भटकू लागतो. स्ट्रोबच्या (ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंगचा दिवा) उजेडात पुलीवरची खूण अस्पष्ट, पसरलेली दिसत होती ती याचमुळे.

म्हणून बुश बदलले. सच्छिद्र ब्राँझचे नवे बुश तेलात भिजवून बसवले, शाफ्टच्या मापाने रीम केले, आणि प्ले ०.०३ मिमीच्या आत आणला. उघडलेच होते म्हणून वजने आणि स्प्रिंगाही पाहिल्या. दोनपैकी हलकी स्प्रिंग ताणून सैल झालेली होती, त्यामुळे ॲडव्हान्स लवकर येत होता. तिची जुळणारी जोडी बसवली. व्हॅक्यूम डब्याचा पडदा शाबूत होता.

चुंबकाचे कडे कॅमवर पूर्ण बसले आहे, आणि त्यावर रोटर (प्रत्येक प्लगकडे ठिणगी पोहोचवणारा फिरता भाग) पूर्ण खाली जातो, हे दाबून पाहणे आवश्यक असते. कड्याच्या जाडीमुळे रोटर किंचित उंच राहिला तर कॅपमधील कार्बनच्या ब्रशवर जास्त दाब येतो आणि तो लवकर संपतो. इथे रोटर व्यवस्थित बसला. प्लगच्या वायरी तांब्याच्या गाभ्याच्या होत्या, त्या बदलून सप्रेसर वायरी लावल्या. तांब्याच्या वायरींतून उठणारा विद्युत गोंगाट पॉइंटला त्रास देत नाही, सेन्सरला देऊ शकतो. या बदलाचा स्वतंत्र परिणाम मोजता आला नाही, खबरदारी म्हणूनच तो केला.

मॉड्यूलच्या तळाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावूनच ते प्लेटवर बसवले. आधीच्या बसवणीत ती लावलेलीच नव्हती. मोजताना धरलेल्या पाच दोषांतला हा शेवटचा.

टायमिंग आणि चाचणी

पॉइंट ज्या क्षणी उघडतात आणि सेन्सर ज्या क्षणी प्रवाह तोडतो ते क्षण एकच नसतात, म्हणून बदलानंतर टायमिंग नव्याने लावावेच लागते. दिवा लावून स्थिर टायमिंग लावण्याची जुनी पद्धत इथे टाळावी, कारण इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू राहिले तर कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापतात. पुस्तकात या इंजिनाला ६०० आरपीएमला १४ अंश सांगितले आहेत. व्हॅक्यूमची नळी काढून, बंद करून, स्ट्रोबने तिथूनच सुरुवात केली आणि नंतर वेग वाढवत एकूण ॲडव्हान्सही पाहिला. चढावर भार टाकल्यावर इंजिन किंचित ठोकत होते, म्हणून दोन अंश मागे घेतले. आजच्या पेट्रोलवर जुन्या पुस्तकातला आकडा शेवटचा शब्द मानणे परवडत नाही.

खूण आता पुलीवर एका रेषेत स्थिर दिसते. पाच हजारांपर्यंत मिसफायर नाही. स्टार्टर फिरत असताना मॉड्यूलला नऊ व्होल्टहून अधिक मिळतात आणि इंजिन किल्ली सोडण्याआधी पेटते. भर उन्हात, बॉनेट लावून आयडलवर ठेवण्याची तीच कसोटी पुन्हा घेतली, कॉइलवर १३.५ व्होल्ट राहिले आणि इंजिन चालत राहिले. दोन हजारांच्या आसपास हलक्या ॲक्सिलरेटरवर एक बारीक झटका उरला होता. तो पुढच्या कार्ब्युरेटरच्या डॅम्परमध्ये तेल नसल्यामुळे होता.

मॉड्यूल बिघडताना पॉइंटसारखी आगाऊ सूचना सहसा देत नाही. म्हणून जुनी प्लेट फेकली नाही. तिच्यावर नवे पॉइंट आणि कन्डेन्सर बसवून, नव्या बुशांवरच गॅप ०.३८ मिमीला लावून, ती गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवली. कॉइल ३ ओहमचीच असल्याने ती दोन्हींना चालते. पॉइंट लावल्यावर टायमिंग कुठे येते हेही तपासून डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पवर दोन खुणा कोरल्या, पांढरी मॉड्यूलची आणि लाल पॉइंटची.